जुनी बॅट, अनोळखी माणूस आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की वापरलेलं खेळाचं सामान ऑनलाइन घेताना किंवा विकताना तुम्हाला काय अनुभव आले ते कळवा, आणि पत्रं-मेल भरपूर आली, त्यातली निम्मी तरी फसवणुकीची. वाचून फार वाईट वाटलं. मी बरीच वर्षं मुलांना क्रिकेट शिकवतोय, आमच्या नेट्सवर सेकंडहँड बॅट घेऊन येणारी मुलं कितीतरी आहेत, कारण चांगली इंग्लिश विलो (इंग्लंडमधल्या विलो झाडाच्या लाकडाची) बॅट नवी घ्यायची म्हणजे वीस-पंचवीस हजार सहज जातात आणि मूल दोन वर्षांत उंच होतं की बॅट परत लहान पडते. हा जुन्या सामानाचा बाजार नीट चालला तरच अशा घरातली मुलं खेळू शकतात, म्हणून मला यात मनापासून रस आहे. नावं छापत नाही, फक्त गावं देतोय.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा आहे, लेदर बॉलवर खेळायला लागलाय. ऑनलाइन एक इंग्लिश विलो बॅट दिसली, ९,००० रुपये, फोटोत अगदी नवी वाटते. विकणारा म्हणतो मी आर्मीत आहे, बदली झाली म्हणून सगळं सामान काढतोय. त्याने ओळखपत्राचा, कँटीन कार्डाचा फोटो पण पाठवलाय. बॅट आर्मीच्या कुरिअरने येईल, २,१०० रुपये आधी भरा, बॅट घरी आली की ते बिलातून कमी होतील असं म्हणतो. भरू का? (ठाणे)

नका भरू, एक रुपया पण नका भरू. हा प्रकार आता इतका जुना झालाय की पहिल्या दोन ओळी वाचूनच पुढचं सगळं कळतं. आर्मी, सीआयएसएफ, एअरपोर्टवरची ड्यूटी, बदली, घाई, आणि मग ओळखपत्राचा फोटो. तो फोटो बहुतेक वेळा कुठल्यातरी खऱ्या जवानाचा असतो, त्या बिचाऱ्याला माहीत पण नसतं की आपलं कार्ड असं फिरतंय. आपल्याकडे सैन्याबद्दल जो आदर आहे ना त्याचाच हे लोक फायदा घेतात, मला याचा सगळ्यात जास्त राग येतो.

तुम्ही २,१०० भरले की पुढे काय होतं ते आमच्या नेट्सवरच्या एका मुलाच्या आईच्या बाबतीत मी बघितलंय. आधी कुरिअरचे पैसे, मग पोत्यात शिवलेल्या पार्सलचा आणि त्यावर लावलेल्या पावतीचा फोटो येतो, मग फोन येतो की गाडी निघालीय पण गेटपासचे ३,५०० भरावे लागतील ते पण परत मिळतील, मग जीएसटीचे, मग ‘मॅडम रक्कम चुकीची पडली, पूर्ण आकडा टाकायला लागतो, आधीचे आपोआप परत येतील’. माणूस थांबत नाही कारण आधीचे गेलेले पैसे वाचवायचे असतात. त्यांचे बॅटच्या किमतीपेक्षा जास्त गेले आणि बॅट अस्तित्वातच नव्हती.

तुम्हाला एवढंच करायचंय की त्याला म्हणा मी स्वतः येऊन बघतो, बॅट कुठे आहे सांगा, किंवा तुमच्या गावात माझा नातेवाईक आहे तो येईल. खरा विकणारा असेल तर त्याला उलट बरं वाटतं. खोटा असेल तर चिडतो, ‘फौजी पे भरोसा नहीं?’ वगैरे सुरू करतो, नाहीतर सरळ ब्लॉक करतो. अजून एक करा, त्याच बॅटचा आज काढलेला फोटो मागा, शेजारी कागदावर तुमचं नाव आणि तारीख लिहून. जाहिरातीतले फोटो कुठून तरी उचललेले असतात, हा एक फोटो त्याला देता येत नाही.

प्रश्न : समजा बॅट समोर आली, विकणारा पण गावातलाच आहे. मग बघायचं काय? मला क्रिकेट बघायला आवडतं पण बॅटमधलं काही कळत नाही. (कोल्हापूर)

हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा स्टिकरकडे बघूच नका. स्टिकर बाजारात सुटे मिळतात, कुठल्याही बॅटला कुठलंही नाव चिकटवता येतं. लाकूड बघा. इंग्लिश विलो फिकट पांढरट असते, तिच्यावरच्या उभ्या रेघा म्हणजे ग्रेन्स बऱ्यापैकी सरळ आणि सलग खालपर्यंत जातात. काश्मीर विलो थोडी तपकिरी, जास्त घट्ट, त्याच मापाला हाताला जड लागते. काश्मीर विलो वाईट नसते, नवशिक्या मुलाला खुशाल द्या, पण इंग्लिश म्हणून तिप्पट पैसे देऊ नका.

मग बॅट उलटी करून खालचं टोक म्हणजे टो बघा. बॅटचं आयुष्य बहुतेक इथूनच संपतं, कारण ओल्या मैदानावर टेकून टेकून ओल आत जाते आणि लाकूड फुगतं. टो अंगठ्याने दाबा, मऊ लागतोय का, कडेला पापुद्रे सुटल्यासारखं झालंय का. टो-गार्ड (टोला चिकटवलेलं रबर) नवाकोरा आणि बॅट जुनी असेल तर ‘काढून दाखवा’ म्हणायला लाजू नका. समोरच्या बाजूला बारीक आडव्या भेगा, चेंडूच्या लाल खुणा असणारच, त्याला घाबरू नका, उलट खेळलेली बॅट उघडलेली, म्हणजे चेंडूला सरावलेली असते. पण खालच्या टोकापासून वर चढत गेलेली उभी चीर असेल आणि तिच्यात नख अडकत असेल तर सोडून द्या. समोरची पारदर्शक पट्टी नुकतीच लावलेली असेल तर तिच्याखाली काय आहे ते उजेडात तिरकी धरून बघा.

आता हँडल. ग्रिप थोडी वर गुंडाळा, खालचा दोरा दिसेल, तो सगळीकडे सारखा जुना आहे की एके ठिकाणी नवा गुंडाळून ताजं फेविकॉल दिसतंय ते बघा. बॅटच्या मागच्या बाजूला हँडल जिथे पात्यात घुसतं तिथे इंग्रजी व्ही सारखा सांधा असतो, तिथली रेघ उघडलेली नको. मग टो दोन्ही बुटांमध्ये हलकेच धरायचा आणि हँडल दोन हातांनी थोडं पिळायचं. जोर लावायचा नाही. कर्र असा आवाज आला की सांधा किंवा आतला वेत गेलाय असं समजा.

शेवटी आवाज. हँडलच्या वरच्या टोकाला दोन बोटांत बॅट लोंबती धरा आणि जुना लेदर बॉल घेऊन मधल्या भागावर टकटक करत खालून वर या. जिवंत बॅट टणकन बोलते, चेंडू मागे उडी मारतो आणि बोटांना झिणझिण्या येत नाहीत. मेलेली बॅट थप्प करते. हा फरक ऐकून कळतो, तुम्ही क्रिकेट खेळलेले नसलात तरी. जवसाचं तेल प्रमाणाबाहेर पाजलेल्या बॅटी पण अशाच थप्प वाजतात आणि वजनाला पण भरतात, म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा सोबत घेऊन जा, मोठ्यांची बॅट साधारण १,१५० ते १,२०० ग्रॅममध्ये बसते. मुलासाठी घेत असाल तर मुलाला घेऊनच जा, बॅट त्याच्या पायाशेजारी उभी करा, हँडलचं टोक कमरेच्या आसपास आलं पाहिजे, ‘मोठी घेऊ, पुढे उपयोगी पडेल’ असं करू नका कारण जड बॅटने पोरांचे शॉट बिघडतात आणि मनगटं पण दुखतात.

आणि एक, लीग मॅच खेळणाऱ्यांसाठी. ऑक्टोबर २०१७ पासून नियमांत कडेची जाडी जास्तीत जास्त ४० मिलीमीटर, पात्याची खोली ६७ आणि रुंदी १०८ मिलीमीटर अशी मर्यादा आहे. त्याआधीच्या जाड कडांच्या बॅटी स्वस्तात दिसतात, दिसायला भारी असतात, पण मॅचच्या आधी गेज (माप तपासायचा साचा) लावलं तर अंपायर बाहेर काढू शकतो.

प्रश्न : लेकीची बॅडमिंटन रॅकेट विकायला टाकली होती, ४,२०० ला. समोरच्याने भाव पण केला नाही, लगेच घेतो म्हणाला. क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. मी स्कॅन करून पिन टाकला तर माझेच ४,२०० गेले. फोन केला तर म्हणाला चुकून झालं, दुसरा कोड पाठवतो, त्यात दोन्ही परत येतील. तेव्हा ८,४०० गेले. आता काय करू? घरात अजून सांगितलेलं नाही. (डोंबिवली)

ताई, आधी घरात सांगा. तुमची चूक फार छोटी आहे, हे लोक दिवसभर हेच करतात आणि शिकली-सवरलेली, बँकेत काम करणारी माणसं पण यात सापडतात.

आणि हे पत्र तुम्ही पाठवलंत त्याच दिवशी मी तुम्हाला मेलवर कळवलं होतं तेच इथे सगळ्यांसाठी लिहितो. पैसे गेल्याचं लक्षात आलं की त्याच मिनिटाला १९३० ला फोन लावायचा, हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. फोन करताना यूटीआर नंबर (व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि मोबाइल नंबर हाताशी ठेवा. ते पुढच्या बँकेला कळवून पैसे त्या खात्यात असतील तर अडकवून ठेवायचा प्रयत्न करतात, म्हणून सगळा खेळ वेळेचा आहे, कारण तासाभरात ते पैसे तीन-चार खाती फिरून एटीएममधून निघून गेलेले असतात. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार, आपल्या बँकेला लेखी कळवणं, आणि चॅटचे स्क्रीनशॉट. चॅट रागाने डिलीट करू नका. अडकलेले पैसे मिळायला पण वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो, ते धरून चला.

बाकी सगळ्यांनी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा : पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही. समोरच्याने तुम्हाला पैसे द्यायचे असतील तर कोड तुमचा आणि स्कॅन करणार तो. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठवायची सोय बंद केलीय, त्यामुळे एक रस्ता कमी झाला, पण क्यूआरचा आणि लिंकचा रस्ता चालूच आहे.

विकणाऱ्यांनी अजून दोन सापळे ओळखून ठेवा. एक, खोटा स्क्रीनशॉट, म्हणजे समोर उभा राहून हिरव्या टिकचा स्क्रीन दाखवतो आणि रॅकेट घेऊन निघतो, असं दाखवणारी नकली अॅप्स असतात. त्याचा फोन बघूच नका, तुमच्या बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक वाढली का ते बघा आणि मगच वस्तू सोडा. दुसरा, ‘४,२०० च्या ऐवजी ४२,००० गेले हो काका, हॉस्पिटलसाठी ठेवले होते, जास्तीचे परत करा’ असा रडवेला फोन, आणि सोबत बँकेसारखा दिसणारा एसएमएस. तो एसएमएस त्यानेच साध्या नंबरवरून पाठवलेला असतो. परत तेच, शिल्लक बघा.

रॅकेटबद्दल पण दोन शब्द, कारण घेणाऱ्यांचे प्रश्न होते. फ्रेमला बारीक तडा असेल तर ती रॅकेट कधी मोडेल सांगता येत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून तारा जिथे फ्रेममधून जातात त्या प्लास्टिकच्या नळ्यांभोवती गोल फिरत बघा, रंगावरून नख फिरवा, ओरखडा असेल तर नख घसरतं, तडा असेल तर अडकतं. कानाजवळ हलवून बघा, आत काही खुळखुळतंय का. आणि तारा तुटलेल्या असतील तर बऱ्याच काळ तशाच पडलेल्या रॅकेटची फ्रेम वाकडी झालेली असू शकते, नव्या तारा ओवून घ्यायचे पैसे धरून भाव करा.

प्रश्न : आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर रविवारी रात्री जुन्या बॅटी, पॅड, किटबॅगचा लिलाव होतो. बोली मेसेजमध्ये टाकायची. मला शंका आहे की अॅडमिनचेच दोन मित्र भाव चढवतात, मी ६,००० म्हटलं की लगेच ६,२००, मी ६,५०० म्हटलं की ६,७००. शेवटी मी ८,००० ला घेतली. आता नाही म्हणता येईल का? (नाशिक)

आपल्याकडे ऑनलाइन लिलाव नवीन नाहीत. बाझी डॉट कॉम आठवतंय का कोणाला? २००४ मध्ये ती लिलावाची वेबसाइट ईबे या अमेरिकन कंपनीने घेतली, आणि २०१८ मध्ये ईबेचं भारतातलं दुकान बंद झालं. तिथे निदान कंपनी मध्ये होती, पैसे द्यायची-घ्यायची काहीतरी पद्धत होती, वाईट माणसाला वाईट शेरे मिळायचे. आता तेच लिलाव ग्रुपवर आलेत आणि मध्ये कोणीच नाही.

पण कायदा आहे, आणि तो जुना आणि चांगला आहे. वस्तुविक्री कायदा १९३० चा, त्याचं ६४ वं कलम लिलावाचंच आहे. त्यात साधारण असं म्हटलंय की विकणाऱ्याने ‘मी पण बोली लावणार’ हा हक्क आधी जाहीर करून राखून ठेवला नसेल तर त्याला स्वतः किंवा दुसऱ्या कोणाकरवी बोली लावता येत नाही, लावली तर घेणारा ती विक्री फसवणूक मानू शकतो, आणि भाव फुगवायला खोट्या बोली वापरल्या असतील तर घेणाऱ्याला ती रद्द करता येते. अजून एक, एक वार दोन वार तीन वार होऊन लिलाव तुटेपर्यंत बोली लावणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते.

म्हणजे तुमची शंका खरी असेल तर हो, नाही म्हणता येईल. पण ते खोट्या बोलीवाले अॅडमिनचेच आहेत हे दाखवावं लागेल. जुने रविवार उलगडून बघा, हे दोघं दर वेळी बोली लावतात आणि कधीच काही घेत नाहीत का? घेतलीच कधी तर तीच वस्तू चार आठवड्यांनी परत लिलावात आली का? असं दिसलं तर ते सगळं एकत्र करून अॅडमिनला शांतपणे विचारा. ८,००० साठी कोर्टात जाणं परवडत नाही हे मला कळतं, पण ग्रुपवर पुराव्यासकट विचारलेल्या प्रश्नाला वजन असतं. पैसे अजून दिलेले नसतील तर देऊ नका, वस्तू बघितल्याशिवाय तर नकोच.

पुढच्या वेळेसाठी माझी पद्धत सांगतो. लिलाव सुरू व्हायच्या आधी, दुपारी, डोकं शांत असताना, त्या वस्तूची मला किती किंमत आहे तो आकडा कागदावर लिहितो. रात्री तो आकडा ओलांडला की फोन बाजूला ठेवतो. पॅडची जुनी जोडी आज गेली तर पुढच्या महिन्यात दुसरी येते.

प्रश्न : आम्ही लंडनला असतो, मुलगा इथल्या क्लबच्या ज्युनियर टीममध्ये आहे. इथे ईबेवर जुन्या बॅटी लिलावात मिळतात. शेवटच्या पाच सेकंदांत कोणीतरी येऊन जिंकतं, काय युक्ती आहे? (लंडन)

युक्ती काही नाही. तिथे तुम्ही तुमची जास्तीत जास्त रक्कम टाकता आणि सिस्टीम तुमच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवत जाते, म्हणजे तुम्ही ६० पाउंड टाकले आणि दुसऱ्याचा कमाल आकडा ४० असेल तर तुम्हाला ४० च्या थोडं वर मिळते. शेवटच्या सेकंदाला येणारा पण तुमच्या कमाल आकड्याच्या वर असेल तरच जिंकतो. शेवटी बोली टाकण्याचा फायदा इतकाच की दुसऱ्याला इरेला पेटायला वेळ मिळत नाही. तुम्ही पण शेवटच्या मिनिटाला तुमचा खरा आकडा एकदाच टाका.

पैसे मात्र तिथूनच द्या. ‘ईबेच्या बाहेर बँकेत टाका, १० पाउंड कमी करतो’ म्हणाला तर तुम्ही त्यांच्या मनी बॅक गॅरंटीतून बाहेर पडता. वस्तू आली नाही किंवा सांगितली तशी नसली तर पोचायच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत तक्रार करावी लागते, म्हणून बॅट आली की त्याच दिवशी उघडून वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या करा. तिकडे सीझन सप्टेंबरला संपतो, त्यानंतर घ्यायला सोयीचं पडतं, एप्रिलच्या तोंडावर सगळेच शोधत असतात.

प्रश्न : गियरची सायकल घ्यायचीय, ११,००० ला मिळतेय, बिल नाही म्हणतो. घ्यावी का? (पुणे)

बिल हरवू शकतं, माझं पण हरवलंय. पण चोरीच्या सायकली खूप फिरतात, त्यामुळे जरा खोदून विचारा. सायकल उलटी करा, पेडलचा दांडा जिथून जातो त्या जाड नळीखाली फ्रेम नंबर ठोकलेला असतो. तो घासलेला असेल, त्यावर ताजा रंग मारलेला असेल तर तिथूनच घरी जा, कारण चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पैसे आणि सायकल दोन्ही जातील वर पोलीस स्टेशनच्या फेऱ्या. नंबर ठीक असेल तर जाहिरातीतला फोन नंबर, त्याच्या ओळखपत्राचा फोटो आणि साध्या कागदावर ‘ही सायकल, हा फ्रेम नंबर, एवढ्याला विकली’ असं लिहून सही घ्या. खऱ्या मालकाचे जुने फोटो पण असतात, एखाद्या राइडचा, सिंहगड पायथ्याचा, दाखवा म्हणा.

तपासायला सुताराची स्टीलची पट्टी न्या. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, नवी चेन असेल तर बरोब्बर १२ इंचांवर पिन येते. अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली तर चेन बदलायला आलीय, एक सूत गेली असेल तर मागचे गियर पण खाल्लेले असणार आणि तो खर्च ११,००० च्या वर धरा. सगळ्यात सोपं म्हणजे विकणाऱ्याला तुमच्या ओळखीच्या सायकलवाल्याच्या दुकानात बोलवा, त्याला शे-दोनशे द्या, तो दहा मिनिटांत सांगतो.

प्रश्न : क्लायंबिंगचा वापरलेला रोप आणि हार्नेस अर्ध्या किमतीत मिळतोय, फक्त दोनदा वापरलाय म्हणतात. (जुन्नर)

नको. इथे मी तडजोड करणार नाही. रोप आणि हार्नेस नायलॉनसारख्या धाग्याचे असतात, त्यावर किती मोठे फॉल झाले, उन्हात किती दिवस पडला, गाडीच्या डिकीत बॅटरीच्या ॲसिडजवळ होता का, यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. न वापरता ठेवलेल्या धाग्याच्या सामानाला पण मोठे उत्पादक साधारण १० वर्षांची मर्यादा घालतात. वानरलिंगीवर किंवा कोकणकड्यावर लटकताना तुमच्या आणि दरीच्या मध्ये ती एकच गोष्ट असते. पैसे कमी असतील तर क्लबचं, ज्याचं रजिस्टर ठेवलेलं आहे असं सामान वापरा. कॅराबिनरसारख्या (रोप अडकवायची उघडझाप होणारी कडी) धातूच्या वस्तू ओळखीच्या माणसाकडून, इतिहास माहीत असेल तर, घेता येतील, गेट नीट मिटतंय आणि रोपने खाच पडलेली नाही हे बघून.

हेल्मेटबद्दल सोलापूरहून विचारलंय, त्यांना पण तेच उत्तर. क्रिकेटचं असो की सायकलचं, आतला फोम एकदा दबला की बाहेरून टोपी चकचकीत दिसते आणि आत काम संपलेलं असतं. दुसऱ्याच्या डोक्यावर काय आदळलं होतं ते तुम्हाला कोण सांगणार? पॅड, ग्लोव्ह्ज, किटबॅग, शूज जुने घ्या, हेल्मेट नवीन घ्या, आणि अॅब्डॉमिनल गार्ड पण नवीन.

प्रश्न : सेकंडहँड ट्रेडमिल? (नागपूर)

विकणाऱ्याच्या घरी जाऊन, तुमच्या घरात सगळ्यात वजनदार जो असेल त्याला त्यावर वीस मिनिटं चालवा. पट्टा पाय पडला की अडखळतोय, जळका वास येतोय, तर नको. आणि घ्यायच्या आधी तुमच्या जिन्याचं वळण मोजा, हमाल आणि टेम्पोचे पैसे धरा, लोक हेच विसरतात.

प्रश्न : आमच्या चाळीत मोठा कॅरम बोर्ड आहे, वडिलांनी खूप प्रेमाने सांभाळला. ते गेले, आता रीडेव्हलपमेंटमुळे जागा सोडायचीय. चांगल्या माणसाला द्यायचाय, पण ऑनलाइन टाकायची भीती वाटते. (गिरगाव)

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. बोर्ड नक्की ऑनलाइन टाका, कॅरमवेडी माणसं मुंबईत आजही शोधत असतात, पण कुरिअरने पाठवायच्या फंदात पडू नका. आतली खेळायची जागाच २९ इंच, वर चारी बाजूंची लाकडी पट्टी, कुरिअरवाले आकारावर पैसे लावतात आणि कोपरा आपटला तर बोर्ड वाया. ‘फक्त समक्ष, येऊन खेळून बघा आणि घेऊन जा’ असं जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत लिहा. निम्मे लबाड तिथेच गळतात.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. पूर्ण बोर्ड वरून, मागची बाजू, चारही पॉकेट जवळून, आणि जिथे चरे आहेत तिथला तर नक्कीच. दोष आपण आधीच दाखवला की घेणारा दारात उभा राहून भाव पाडू शकत नाही. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून धरलेला एक फोटो टाका, दोरा आणि प्लाय यात मध्ये फट दिसत नसेल तर बोर्ड मध्ये खोलगट झालेला नाही हे जाणकाराला लगेच कळतं. पावडर टाकून स्ट्रायकर एकदा हलका मारल्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पण घ्या. स्ट्रायकर समोरच्या पट्टीला लागून सरळ परत आला तर याहून मोठी जाहिरात नाही.

घरचा पूर्ण पत्ता जाहिरातीत नको, ‘गिरगाव’ एवढंच. फोनवर दोन मिनिटं बोला, कुठे खेळता विचारा, कॅरम खेळणारा माणूस लगेच बोलायला लागतो. रविवारी सकाळी बोलवा, घरात अजून कोणीतरी असताना, शेजारच्यांना सांगून, बोर्ड गॅलरीत मांडून ठेवा. एक बोर्ड खेळू दे त्याला. पैसे रोख, किंवा तुमच्या क्यूआरवर आणि तुमच्या फोनवर जमा झाल्याचं दिसल्यावर. आणि वडिलांचा स्ट्रायकर द्यायचा नसेल तर जाहिरातीतच तसं लिहा आणि फोटोत ठेवू नका, म्हणजे त्या दिवशी दारात अवघड वाटायला नको.